पाळणाघर कायद्यात आहे, कार्यालयात कधी?

महोदय,

माझी नात पावणेदोन वर्षांची. सून कामावर निघाली की ती आईची घरातली चप्पल छातीशी धरून दारातच बसते. मऊ वरणभाताचे चार घास भरवायला मला तासभर लागतो. गुडघे दुखतात, पण नातीचं करायचा कंटाळा नाही. दुखतं ते वेगळंच. जिथे ५० किंवा अधिक कर्मचारी आहेत तिथे पाळणाघराची सोय हवी, आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाता यावं, असं २०१७ पासून कायदा सांगतो. सुनेच्या कार्यालयात दोनशेवर माणसं आहेत. तिने दोनदा अर्ज दिला. उत्तर एकच, ‘जागा नाही’. कामगार खात्याने कार्यालयांत जाऊन प्रत्यक्ष तपासणी करावी, ही कळकळीची विनंती.

– एक आजी, कोथरूड, पुणे