शुक्रवारी रात्री फोन का उचलत नाही

सोन्या,

तीन शुक्रवार झाले तू फोन करतोयस आणि मी उचलत नाहीये, आणि काल बाबांना म्हणालास म्हणे की आईला तिकडे जाऊन माझी आठवणच राहिली नाही. असं नाहीये रे. फोनवर हे नीट सांगता येत नाही, मध्येच तुझे मित्र हाका मारतात, म्हणून लिहूनच काढतेय. सावकाश वाच, मेसच्या रांगेत उभा राहून नको.

आम्ही ऑगस्टमध्ये इथे इस्रायलमध्ये रेहोवोतला आलो तेव्हा बाबा सकाळी वाइझमन इन्स्टिट्यूटला गेले की दिवसभर मी एकटी, भाषा येत नाही, पाट्या वाचता येत नाहीत, शुक्रवारी दुपारपासून दुकानं बंद, बस बंद, रस्ते सुनसान, मला वाटायचं कुठे येऊन पडलो आपण. दुसऱ्याच शनिवारी दुपारी दार वाजलं. समोरच्या फ्लॅटमधल्या आजी, ऐंशीच्या पुढच्या, डोक्याला रुमाल बांधलेला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, आमच्याकडे फार गरम होतंय. बस, एवढंच. मी म्हटलं या, बसा, पाणी दिलं, त्या हसल्या आणि परत तेच, आमच्याकडे फार गरम होतंय. शेवटी त्यांच्या मागोमाग गेले तर आत त्यांचे मिस्टर घामाघूम बसलेले आणि एसी बंद. मी बटण दाबलं. आजींनी माझा हात दोन्ही हातांत धरला, पण एसी लाव असं एकदाही म्हणाल्या नाहीत.

रात्री पडल्या पडल्या एकदम आठवलं. अलिबागला आमचं घर इस्रायल आळीच्या तोंडाशी, तू लहानपणी पाहिलंयस. मी पाच-सहा वर्षांची असेन, शुक्रवारी रात्री शेजारच्या काकू कुंपणापाशी यायच्या आणि माझ्या आजीला म्हणायच्या, घरात काळोख झालाय हो. आजी पदर खोचून जायची आणि त्यांचा विझलेला कंदील लावून यायची. मी विचारलं होतं, त्या स्वतः का लावत नाहीत, तर आजी म्हणाली, त्यांचा वार आहे. त्यांच्या वारी, म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंत, दिवा लावायचा नाही आणि दुसऱ्याला लाव म्हणून सांगायचंही नाही, समोरच्यानं समजून घ्यायचं. काकू तिकडे कोकणातल्या, या आजी इथल्या, दोघींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण दोघी यहुदी, म्हणून बोलायची रीत तीच.

तुला बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुदी लोकांबद्दल कधी कोणी नीट सांगितलं नसेल, मीही नाही सांगितलं. त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटून आले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्ट आहे. गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. नावं आपल्यासारखीच गावावरून, दिवेकर, पेणकर, नवगावकर. 1948 च्या सुमारास आपल्याकडे वीसेक हजार होते, मग बहुतेक सगळे इकडे आले. आमच्या शेजारच्या काकूही गेल्या, मी चौथीत होते. घराला कुलूप आणि अंगणात तुळशीसारखी लावलेली सब्जाची कुंडी, एवढंच राहिलं होतं.

तर ऑक्टोबरमध्ये मी रामल्याच्या बाजारात गेले होते, रेहोवोतहून जवळच आहे. भाजीच्या ढिगासमोर मागून आवाज आला, "अगो ही कोथिंबीर बघ, पिवळी पडलीये मेली." सोन्या, मी जागच्या जागी उभी राहिले. वळून बघितलं तर एक ठेंगणीशी बाई, गाऊनवर स्वेटर, हातात हिरव्या बांगड्या. मी म्हटलं, मराठी? त्या म्हणाल्या, मग काय, म्हसळ्याची मी! आणि तिथेच माझ्या गळ्यात पडल्या. 1971 ला आल्या इथे, बाविसाव्या वर्षी. मी त्यांना मावशी म्हणते. त्यांची मराठी तेव्हाचीच राहिलीये, स्टोला इष्टो म्हणतात, बोटीला आगबोट. नातवंडं मराठीत सांगितलेलं समजतात आणि उत्तर हिब्रूत देतात. घरात मायबोली नावाच्या मराठी मासिकाचे जुने अंक रचून ठेवलेत, इथल्याच लोकांनी इथेच काढलेले.

आता तुझ्या फोनचं. मी शुक्रवारी दुपारी शेवटच्या बसच्या आत मावशींकडे जाते आणि शनिवारी संध्याकाळी बस सुरू झाली की परत येते. बाबा कधी येतात, कधी त्यांचं काम असतं. सूर्य मावळायच्या आधी मावशी दोन मेणबत्त्या लावतात, हात तीनदा स्वतःकडे ओढल्यासारखे करून डोळे झाकतात, आणि तिथून घरातला कुठलाही फोन, टीव्ही, बटण, काही नाही. मला कोणी फोन बंद कर म्हटलं नाही, मीच पहिल्या दिवशी सगळ्यांचे फोन एका ड्रॉवरमध्ये जाताना बघून माझाही ठेवला.

सगळ्यात मला आवडतं ते मनुकांचं सरबत. काळ्या मनुका सकाळी धुऊन भिजत घालतात, दुपारी हाताने कुस्करायच्या, मग पातळ फडक्यातून गाळायच्या, पिळता पिळता मावशींची बोटं जांभळट होतात. बाकी लोक वाइनवर प्रार्थना म्हणतात, आपल्याकडच्या खेड्यांत कुठली वाइन मिळायला, म्हणून हे, आणि इथे दुकानं वाइनने भरलेली असूनही मावशींच्या घरी अजून मनुकाच. एकाच पेल्यातून घरातला प्रत्येकजण घोट घेतो, वयाप्रमाणे, मला मावशींच्या सुनेनंतर देतात. त्यांच्या सिनेगॉगमध्येही, म्हणजे प्रार्थनाघरात, गेले एकदा. प्रार्थना संपल्यावर प्रत्येकजण दुसऱ्याच्या बोटांना बोटं लावतो आणि मग आपलीच बोटं ओठांना लावतो, हातबोशी म्हणतात त्याला. एका म्हातारीने माझ्याशीही केली, ओळख ना पाळख.

चूक पण झाली माझ्या हातून. पहिल्यांदा जाताना मी मोठ्या हौसेने चक्का बांधून श्रीखंड करून नेलं. त्यांच्याकडे त्या दिवशी मटण, आणि मटणाच्या जेवणात दुधाचं काही चालत नाही, शिवाय आपल्या घरच्या भांड्यातलं त्यांना खाता येत नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. मावशींनी डबा दोन्ही हातांनी घेतला, वरच्या फळीवर ठेवला, आणि म्हणाल्या, माझी आई मटणाच्या रश्शात नारळाचंच दूध घालायची, म्हणून बघ आमचं सगळं नारळाचं. एवढं बोलून विषय बदलला. डबा त्यांनी शेजारच्या अरब बाईला दिला, तिच्या मुलांनी चाटूनपुसून खाल्लं. आता मी फळं नेते.

सण किती बघितले विचारू नकोस. योम किप्पूर या त्यांच्या उपासाच्या मोठ्या सणाला तर मोठ्या हायवेवर एक गाडी नव्हती, विमानतळसुद्धा बंद, आणि पोरं रस्ताभर सायकली फिरवतायत. मावशी त्याला अजून दारफळणीचा सण म्हणतात. त्यांच्या आजीच्या वेळी कोकणात लोक पांढरे कपडे घालून दार लावून उपाशी घरात बसायचे, दुसऱ्या दिवशी शिळा सण, गरिबांना वाटायचं. एका उपासाचं नाव तर बिरड्याचा रोजा, वालाच्या बिरड्यावरून! हे ऐकून मला रडूच आलं, किती वर्षांत कोणाच्या तोंडून बिरडं हा शब्द ऐकला नव्हता.

एक गोष्ट मात्र मनाला फार लागली. इतकं सगळं शेकडो वर्षं सांभाळून हे लोक इथे आले आणि इथल्याच काही धर्माधिकाऱ्यांनी विचारलं, तुम्ही खरे यहुदी कशावरून? लग्नं अडवली. 1964 मध्ये बेने इस्रायल लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, बायकापोरांसकट, तेव्हा कुठे सरकारने जाहीर केलं की हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत. मावशींचे थोरले दीर त्या धरण्यात होते. त्यांचा फोटो भिंतीवर आहे, त्याला हार नाही घालत, पण शुक्रवारी फडक्याने पुसतात. आमच्या अलिबागच्या आळीत तरी कोणी त्यांना हे विचारल्याचं मी कधी ऐकलं नाही, याचा मला अभिमान वाटायला हरकत नाही.

आता तुझ्याकडे एक काम आहे, नाही म्हणायचं नाही. या महिन्यात यांचा ‘तू बिश्वात’ नावाचा झाडांचा सण येतो. अलिबागजवळच्या खंडाळ्याला, लोणावळ्याच्या नव्हे, एक कातळ आहे, एलियाहू हानाबी या त्यांच्या संदेष्ट्याचा रथ तिथून वर गेला, चाकाच्या खुणा उमटल्यात म्हणतात. राहिलेली मंडळी त्या सणाला तिथे जमून मलिदा करतात, भिजवलेले पोहे, गूळ, नारळ, वेलची, आणि ताटात फळं. मावशी लहान असताना आईबरोबर बैलगाडीतून तिथे गेल्या होत्या. पन्नास वर्षांवर झाली, आणि आता गुडघे असे आहेत की विमानात बसणं होणार नाही. तू पुण्याहून एसटीने अलिबागला जा, मामाची बाइक घे. कातळाचा व्हिडिओ काढ, जवळून, खुणा दिसल्या पाहिजेत. तिथल्या लोकांना आधी विचार, प्रार्थना चालू असताना मोबाइल पुढे करू नकोस, डोक्यावर टोपी किंवा रुमाल असू दे. मलिदा दिला तर दोन्ही हातांनी घे. मग नवगावला जा, तिथे त्या बुडालेल्यांचं दफनस्थान आहे, तिथे काही बोलू नकोस, नुसता समुद्राचा आवाज रेकॉर्ड कर. मावशींना दिसतं कमी, ऐकू मात्र छान येतं.

शुक्रवारी पाठवू नकोस, शनिवारी पाठव. इथे तीन तारे दिसले की मावशी लवंग-दालचिनीची डबी सगळ्यांना हुंगायला देतात आणि मग ड्रॉवर उघडतो. तेव्हा तुझ्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले असतील. जेवून तयार रहा, पहिला फोन तुलाच करणार आहे, आणि मावशी पण बोलणार आहेत.

तुझी,
आई