रिपोर्ट वाचल्यावर

प्राजू,

काल फोनवर ओरडले तुझ्यावर. आठ दिवस सोनोग्राफीचा रिपोर्ट लपवलास म्हणून. नंतर जेवण गेलं नाही.

आज इथल्या डॉक्टरबाईंना तो दाखवला (चिडू नकोस). उजव्या बीजकोशावर ४.२ सेंटिमीटरची साधी गाठ, आत नुसतं पाणी. तुझ्या डॉक्टरांचंच त्याही बोलल्या: पाळीच्या वयात दर महिन्याला बीजाची पिशवी फुगतेच, कधी फुटायची राहते नि वाढते, बहुतेकदा दोन-तीन पाळ्यांत जिरते. बाबा 'सिस्ट' वाचून थेट कॅन्सरपर्यंत पोचले होते, आता चहा पितायत. आणि हे पीसीओडी (बीजकोशात बारीक-बारीक गाठी नि पाळीची गडबड) नव्हे. मी पाठवलेला काढ्याचा व्हिडिओ पुसून टाक.

मग माझं घोडं कुठे अडतंय? रात्री दुखलं तर तू सांगशील का?

माईमावशी रात्रभर पोटाशी उशी धरून ओकत होती नि आजी ओवा चारत होती. गाठीमुळे बीजकोशाला पीळ पडलेला, रक्त तुटलेलं. वेळेत पोचलं तर पीळ सोडवून वाचतो म्हणे. तिचा काढावा लागला. तेवीस वर्षांची होती.

म्हणून एका बाजूला अचानक जोराची कळ आली, उलटी, चक्कर, ताप, काहीही झालं, तर दोन वाजलेले असोत, रूममेटला उठव, रिक्षा कर, मग मला फोन. गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही. पोट फुगलेलंच राहिलं, सारखी लघवीला लागली, तरी पुढच्या सोनोग्राफीची वाट न बघता जा. झालं माझं कीर्तन सुरू. माफ कर.

खरं तर सोसायला मीच शिकवलं. आठवीत मोडक्या बोटाने अख्खा खो-खो खेळलीस, मी गल्लीभर मिरवलं. पाळीत कळवळलीस की 'दुखायचंच' म्हणून भाकऱ्या थापत राहिले. आणि तू एकटी सोनोग्राफीला जाऊन, तासभर लघवी दाबून बाकावर बसून, 'लग्न झालंय का?' विचारणाऱ्या बाईला उत्तर देऊन आलीस. मला नसतं जमलं.

पुढची सोनोग्राफी पाळी संपल्या-संपल्या आहे ना? कोयना एक्स्प्रेसचं तिकीट काढते. बोलणार नाही काही, नुसती बसेन.

आई

ता. क. रूममेटचा नंबर पाठव. आजच.