जुने लाकूड ‘मुरलेले’ असते, म्हणून ते हलत नाही?

महोदय,

जुन्या इमारतींतून निघालेल्या अस्सल लाकडाच्या फळ्या घरातील जमिनीवर बसवण्याविषयीचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. लेख देखणा आहे. परंतु ‘जुने लाकूड मुरलेले असल्याने ते हलत नाही’ हे त्यातील विधान चुकीचे आहे, आणि याच समजुतीवर विसंबून मी स्वतः नुकसान सोसले असल्यामुळे हे लिहीत आहे.

लाकूड शंभर वर्षांचे झाले तरी हवेतील बाष्प घेणे आणि सोडणे थांबवत नाही. २० अंश सेल्सिअसला हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडातील ओलावा ६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. तीच ८० टक्के झाली की तो १६ टक्क्यांपर्यंत चढतो. फळीच्या लांबीत याने फारसा फरक पडत नाही, ती फुगते रुंदीत. १२५ मिलिमीटर रुंद फळी एका मिलिमीटरने फुगली तर डोळ्यांना कळतही नाही. पण चार मीटर रुंद खोलीत अशा ३२ फळ्या शेजारी शेजारी बसतात. मी कोरड्या माळ्यावर पडून असलेल्या फळ्या आणल्या त्याच दिवशी भिंतीला घट्ट भिडवून ठोकून घेतल्या. हवा दमट होताच मधल्या फळ्या बोटभर वर उचलल्या गेल्या. सुताराचा दोष नव्हता. घाई माझीच होती.

दुसऱ्या वेळी फळ्या त्याच खोलीत, थरांमध्ये पट्ट्या घालून, ओलावा स्थिरावेपर्यंत रचून ठेवल्या आणि फळ्यांना ओलावामापक लावूनच काम सुरू केले. रुंद फळ्या आणि खालचा लाकडी थर यांच्या ओलाव्यात दोन टक्क्यांहून अधिक अंतर नसावे. भिंतीलगत १० ते १५ मिलिमीटर फट सोडली. ती कडेच्या पट्टीखाली झाकली जाते.

खिळे काढणे, खाचांत साचलेली घाण खरवडणे, जाडीनुसार फळ्या निवडणे ही कामे कंटाळवाणी खरी, पण लेखात त्यांचा उल्लेख तरी आहे. जुन्या रंगाचा मात्र नाही. पूर्वीच्या अनेक रंगांत शिसे असे, आणि अशी फळी कोरडी घासली की ते धुळीवाटे घरभर पसरते. म्हणून रंगाची तपासणी आधी, पॉलिश पेपर नंतर. रेल्वे रुळांखालचे जुने लाकडी स्लीपरही लेखकाने सुचवले आहेत. त्यांना अनेकदा क्रिओसोट (लाकूड टिकवण्यासाठीचे डांबरापासून काढलेले विषारी तेल) पाजलेले असते, त्यामुळे ते घरात मुळीच वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

या सर्व बाबींचा खुलासा आपण छापावा, आणि पुढे असा लेख प्रसिद्ध करताना सुंदर छायाचित्रांखाली फळ्या बसवतेवेळी त्यांतील ओलावा किती होता, हा आकडाही द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक