झेंडा उतरवायला कोण येतं?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

१७ ऑगस्टच्या अंकात आमच्या सोसायटीच्या ध्वजारोहणाचा फोटो आला. अध्यक्ष, सचिव, प्रमुख पाहुणे, मिठाई वाटणारे, सगळ्यांची नावं छापलीत. त्याबद्दल तक्रार नाही. पण फोटोतला तो झेंडा १८ तारखेच्या संध्याकाळपर्यंत पावसात भिजत खांबावरच होता आणि हिरव्या पट्ट्याची कड वीतभर उसवली होती, हेही छापा.

शेवटी मी तो उतरवला. लगेच सचिवांचा फोन, "काका, कोणाला विचारून काढला? आता रात्रीसुद्धा ठेवता येतो." जुलै २०२२ मध्ये नियम बदलला हे मला ठाऊक आहे. फाटका झेंडा फडकवू नये हेही त्याच ध्वजसंहितेत आहे, ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

माझे बाबा एम्प्रेस मिलमध्ये लूमवर होते. गणेशपेठेत आमच्या चाळीत १५ ऑगस्टला झेंडा चढवायला सगळे हजर. दिवस मावळताना उतरवायला बाबा आणि मी. चढवताना दोरी झपझप ओढायची, उतरवताना हळू. "सावकाश बे, खाली टेकू देऊ नको," म्हणायचे. दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग दोन्ही बाजू आत घ्यायच्या, वर चक्र दिसलं पाहिजे. पण घडीच्या आधी ते सगळी शिवण अंगठ्याने चाचपत. दिवसभर हाताखालून कापड जाणारा माणूस, एक धागा सुटला तरी त्यांना कळे, आणि आई त्याच रात्री सुई घेऊन बसे. देशभक्तीवर ते कधी काही बोलल्याचं मला आठवत नाही. तळहातांवर घडी घेऊन घरापर्यंत चालत गेलेलो आठवतो.

आणि हे नागपुरात व्हावं! झेंडा घेऊन इंग्रज साहेबांच्या वस्तीकडे, सिव्हिल लाइन्सकडे, जायला बंदी होती, म्हणून १९२३ साली १ मेपासून इथे सत्याग्रह झाला. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेल आले, बाहेरगावची पोरं येऊन इथल्या तुरुंगात बसली. १८ ऑगस्टला मिरवणूक झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समधून गेली. मी सोसायटीचा झेंडा उतरवला तीच तारीख. त्या दिवशीचा तुमचा अंक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिला. एक ओळ नाही. नागपूरच्या पेपरात नाही येणार, तर कुठे येणार?

आणखी एक. १५ ऑगस्टच्या अंकात जाहिरातींमध्ये पानपानभर तिरंगे होते. काल सकाळी ठेल्यावर त्यातल्याच एका पानावर मला तर्री पोहे मिळाले. तर्री चक्रावर पसरली होती. मला ते खाववले नाहीत. पोहेवाल्याला काय बोलणार, त्याला रद्दी मिळते ती तो वापरतो. पण दुसऱ्या दिवशी रद्दीत जाणाऱ्या कागदावर झेंडा छापताना तुम्ही तरी विचार करा.

तो झेंडा माझ्याकडे आहे. सावलीत वाळवला, पण कड आता शिवण्यासारखी राहिलेली नाही. नवा मी माझ्या पैशाने आणून देईन. २६ जानेवारीला सूर्यास्ताच्या आधी खांबापाशी उभा राहीन. दुसरी दोन टोकं धरायला सोसायटीतलं एखादं पोर त्याच्या बाबांनी पाठवावं.

आपला,
एक जुना वाचक, नागपूर