नव्या रानातली पहिली शिकार

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

विस्कॉन्सिन राज्यात वॉसॉला घर लागलं आणि या नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जायचं तुझं ठरलं, हे वाचून फार बरं वाटलं. बंदूक तुला येते, नेमही आहे. नवं आहे ते रान, आणि तेही सार्वजनिक. अशा रानात हरीण कुठे आहे एवढंच पाहून भागत नाही. माणसं कुठून शिरणार, वारा कुठून येणार आणि मारलेलं जनावर कुठून बाहेर काढणार, हे आधी ठरवायचं. जागा त्यावरून निवडायची.

कागदपत्रं आत्ताच उरकून घे. विस्कॉन्सिनमध्ये सलग 30 दिवस कायमचं घर असलं की रहिवासी दरानं परवाना मिळतो. 1 जानेवारी 1973 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचं, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचं, प्रमाणपत्र लागतं; तुझं दुसऱ्या राज्यातलं चालेल, ते शोधून ठेव. खरी चूक टॅगमध्ये, म्हणजे एक जनावर मारायच्या परवानगीच्या चिठ्ठीत, होते. मादीसाठीचा अँटरलेस टॅग ठरावीक भागापुरता असतो आणि त्यावर ‘पब्लिक’ की ‘प्रायव्हेट’ हेही छापलेलं असतं. प्रायव्हेटचा टॅग काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या सार्वजनिक, जंगलात चालत नाही. आणि दोन्ही शिंगं 3 इंचांपेक्षा कमी असलेला नरही तिथे अँटरलेसमध्येच मोडतो. म्हणून दुर्बिणीतून नीट बघितल्याशिवाय चापाजवळ बोट न्यायचं नाही. तुझ्या ऑफिसातला कुणी व्हिसावरचा मित्र बरोबर यायचं म्हणाला, तर बंदूक हातात घेण्याआधी त्यानं स्वतःचा शिकारीचा परवाना काढलेला हवा आणि वकिलाला विचारून घेतलेलं हवं. अमेरिकेचा केंद्रीय कायदा त्या बाबतीत कडक आहे.

आता जमीन. काउंटी फॉरेस्ट राज्यभरात मिळून सुमारे 24 लाख एकर आहेत आणि शेवॉमेगन-निकोले राष्ट्रीय वन साधारण 15 लाख एकर. एवढं रान पाहून जीव दडपतो. पहिल्या वर्षी फक्त दोन-तीन तुकडे घे, प्रत्येकी चौरस मैलाच्या आतले, आणि तेच पायाखाली घाल. करसवलतीच्या योजनेतली काही खाजगी जंगलंही शिकारीला खुली असतात. तिथे पायी जाता येतं. जमिनीच्या हद्दी दाखवणारा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घे, कारण आत रेंज नसते. कागदी नकाशा आणि होकायंत्र खिशात हवंच. थंडीत फोनची बॅटरी बघता बघता उतरते.

नकाशावर आधी गाड्या लावायच्या जागा शोध आणि प्रत्येकीभोवती अर्ध्या मैलाचं वर्तुळ काढ. बहुतेक शिकारी त्याच्या आतच बसतात. उरलेल्या भागात कडा बघ: दलदल आणि उंचवटा जिथे भेटतात, किंवा तोडून 3 ते 10 वर्षं झालेलं अ‍ॅस्पेनच्या झाडांचं दाट रान जुन्या झाडीला जिथे भिडतं. कोवळे शेंडे आणि आडोसा दोन्ही तिथेच मिळतात. दोन दलदलींमधली कोरड्या जमिनीची चिंचोळी पट्टी सापडली तर तिच्यावर खूण करून ठेव. हंगामाच्या पहिल्या शनिवारी पहाटे माणसं आत शिरली की हरणं अशाच पट्टीवरून सरकतात. मात्र लांब म्हणजेच चांगलं असं नाही. ओढा आडवा असल्यानं कुणी ओलांडत नाही, अशी रस्त्यापासून तीनशे यार्डांवरची जागाही उत्तम असते.

सप्टेंबर-ऑक्टोबरात दोनदा, पावसानंतर, प्रत्यक्ष जाऊन ये. खुरांचे ठसे, ताज्या ओल्या लेंड्या, गवतात दबलेली लंबगोल बैठक बघ. नर शिंगं घासून झाडाची साल काढतो. ती खूण वाटेच्या ज्या अंगाला असते, तिकडूनच तो आलेला असतो. ओकची फळं पडली असतील तिथे थांब. व्हाइट ओकची फळं कमी तुरट, म्हणून हरणं ती आधी संपवतात. माणसांच्या खुणाही तितक्याच लक्ष देऊन बघ: फांद्यांना बांधलेल्या फिती, जुनी मचाणं. जागा ठरली की परत परत जाऊन ती तुडवू नकोस.

प्रत्येक वाऱ्यासाठी वेगळी जागा हवी. हरणाचा वावर जिकडे, तिकडून वारा तुझ्या तोंडावर आला पाहिजे, म्हणजे तुझा वास त्याला जात नाही. उताराच्या जागी सकाळी ऊन चढलं की हवा वर सरकते, संध्याकाळी खाली उतरते. म्हणून सकाळी वरच्या अंगाला बस. मचाण वापरलंस तर जमिनीवरून पाय उचलल्यापासून पट्टा झाडाला अडकलेला हवा. बंदूक रिकामी करून दोरीनं वर ओढायची. मचाण रात्री तिथेच ठेवता येतं का, हे प्रत्येक जमिनीला वेगळं असतं, तपासून घे. कमरेवरचे निम्मे कपडे आणि टोपी भडक केशरी किंवा गुलाबी, यात तडजोड नाही.

हरीण आडवं उभं असलं की पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम. बार झाल्यावर ते शेवटचं कुठे दिसलं ते झाड ध्यानात ठेव आणि जागची हलू नकोस. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, अर्ध्या तासानं माग काढ. गर्द लाल म्हणजे कलेजी, चार तास थांब. हिरवट आणि घाण वास म्हणजे कोथळा, आठ तास तरी. घाई केलीस तर जखमी जनावर उठून मैलभर जातं आणि हाती लागत नाही.

आतडी काढताना पात्याची धार वर, दोन बोटांनी कातडं उचलून धर, कोथळा आणि मूत्राशय फुटू देऊ नकोस. फुटलंच तर ती जागा लगेच कापून टाक. श्वासनलिका हात पोचेल तितकी वरून तोड. ती आत राहिली तर मांस तिथूनच बिघडायला लागतं. गोळीच्या जखमेभोवतीचं मांस सढळ हातानं टाकून दे, त्यात शिशाचे बारीक कण असतात. दीडशे पौंडांचा नर आतून साफ केल्यावरही एकशे पंधरा-वीस भरतो. तो अर्धा मैल ओढत आणायला तासाहून जास्त लागतो, दलदलीत त्याहूनही जास्त. म्हणून ओढायची प्लास्टिकची घसरगाडी आण, आणि ओढता येणार नाही अशा जागी बार टाकू नकोस. मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5 च्या आत नोंदणी झालीच पाहिजे.

हरणांचा सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग विस्कॉन्सिनमध्ये 2002 साली पहिल्यांदा सापडला. तो शिजवून मरत नाही. म्हणून हातमोजे घाल, मणका कापू नकोस, डोकं तपासणीला दे आणि निकाल येईपर्यंत मांस खुणेचं लेबल लावून फ्रीजरात वेगळं ठेव. रोग निघाला तर ते खायचं नाही, कितीही जिवावर आलं तरी.

निकाल चांगला आला की पाठीचा लांब तुकडा मोठ्या आचेवर झटकन भाज. मान आणि खांदा कुकरला लाव. पांढरी चरबी सगळी काढून टाक, ती मेणासारखी टाळूला चिकटते. आईनं केलेला कांदा-लसूण मसाला पुढच्या आठवड्यात पोस्टानं पाठवतो.

तुझा,
बाबा