पाचाची दहा करण्याआधी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी विसरण्याच्या आजारावरची डोनेपेझिलची गोळी पाच मिलिग्रॅमची दहा करायला सांगितल्याचं आईकडून कळलं. बाबा, गोळी तुमच्या पोटात जाते, तेव्हा पहिलं म्हणणं तुमचं. ऐकलेल्यापेक्षा वाचलेलं तुमच्या जास्त लक्षात राहतं, म्हणून हे पत्र.

डोनेपेझिलने गेलेली आठवण परत येत नाही. मेंदूतल्या पेशी ज्याच्या जोरावर एकमेकींना निरोप देतात ते ॲसिटिलकोलीन लवकर मोडत नाही, इतकंच. आजार आत चालूच राहतो. म्हणून आई, "तेच तेच विचारतात, मग उपयोग काय?" हे तुझं माप मला पटत नाही. दिवाळीत बाबांनी दुधाचा हिशेब सोडून दिला होता. आता कालनिर्णयवर पुन्हा खाडे मांडतात आणि महिनाअखेरीस दूधवाल्याशी भांडतात. भांडण मी फायद्यातच धरते!

पण सदरा खांद्यावरून ओघळायला लागलाय, तेही खरंच. तेच ॲसिटिलकोलीन आतड्यांनाही चाळवतं, म्हणून मळमळ होते, भूक मरते. एसटी चुकल्याची स्वप्नं पडून बाबा ओरडत उठतात, तेही बहुधा रात्रीच्या गोळीमुळे. सकाळी नाश्त्यानंतर घेतली तर चालेल का, विचारा.

मला खरी धास्ती आहे ती देवघरासमोर आलेल्या घेरीची. ही गोळी हृदयाचे ठोके मंद करते आणि बाबांची बीपीची मेटोप्रोलॉलही तेच करते. नाडी आणि ईसीजी बघितल्याशिवाय दहाचं नाव नको. आई, घेरीचं आजच डॉक्टरांना फोन करून सांग, भेटीची वाट बघू नकोस. आणि सर्दी झाली की मेडिकलवाल्याकडून परस्पर गोळी आणणं बंद; त्यातल्या काही, क्लोरफेनिरामिनसारख्या, डोनेपेझिलच्या नेमकं उलटं काम करतात.

कंटाळून मनाने बंदही करू नकोस. एकदम सोडली तर काहीजण झपाट्याने ढासळतात. पाचावरच थांबता येतं, किंवा याच कामाची, अंगावर चिकटवायची रिव्हास्टिग्माइनची पट्टी असते. तिचा पोटाला त्रास कमी, पण रोज जागा बदलायची आणि आधीची आठवणीने काढायची. ते काम आईच्याच गळ्यात पडणार.

बाबा, शनिवारी मी येतेय. तोवर जेवण किती गेलं, झोप कशी लागली, चक्कर आली का, हे खाड्यांशेजारीच लिहा. दवाखान्यात तुम्ही बोलायचं. आई, मधे त्यांची वाक्यं पुरी करायची नाहीत.

तुमची,
पमा