तज्ज्ञांना स्टेजवर नको, कन्सोलपाशी उभं करा

संपादक महोदय,

म्युझिक फेस्टिवलमधे विज्ञान आणि हवामान बदल यावर काहीतरी ठेवायचंच असं हल्ली सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. माझा विरोध नाही, उलट मी बरीच वर्षं साउंडचं काम करतोय आणि मला वाटतं एवढं मोकळ्या मनाचं पब्लिक दुसरीकडे कुठे मिळणार नाही, पण ज्या पद्धतीने ते ठेवतात ते बघून जीव तुटतो. म्हणून हे पत्र, लांबलं तर खुशाल कात्री लावा.

एका फेस्टिवलला (नाव घेत नाही, माणसं चांगली होती) दोन बँडच्या मधे स्टेजवरचं सामान बदलतात त्या वीस मिनिटांत एका हवामान शास्त्रज्ञ मॅडमना बोलायला उभं केलं. मागे अवाढव्य एलईडी वॉल, त्यावर ग्राफ, आणि मॅडमच्या पाठीशी एक जण टण टण करून स्नेअर ड्रम तपासतोय. पब्लिकने दोन मिनिटं ऐकलं, मग अर्धं टॉयलेटकडे पळालं, उरलेलं पुढच्या बँडच्या नावाने ओरडायला लागलं. मॅडमच्या माइकचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) माझ्या हातात होता पण आवाज तरी किती वाढवणार, ऐकायचंच नसेल तर. मॅडमनी शेवटच्या चार स्लाइड पळवल्या, थँक्यू म्हणाल्या आणि उतरल्या. त्यांचं टेबल कोपऱ्यातल्या तंबूत होतं, तिकडे तर कुत्रंही फिरकत नव्हतं.

अंधार पडल्यावर मी कन्सोलवर, म्हणजे पब्लिकच्या मधेच असलेल्या आवाज जुळवायच्या टेबलावर, डिले बदलत होतो. मोठ्या मैदानात लांबच्या लोकांसाठी मधे टॉवरवर वेगळे स्पीकर असतात, आणि आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटरच जातो, त्यामुळे १०० मीटरवरच्या टॉवरचा आवाज मुद्दाम ०.२९ सेकंद उशिरा सोडावा लागतो, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. आता गंमत अशी की हा वेग तापमानावर हलतो. दुपारी ३५ डिग्रीला तो ३५२ च्या आसपास असतो आणि रात्री २० डिग्रीला ३४३, म्हणजे १०० मीटरला सात-आठ मिलिसेकंदांचा फरक, तो मी दुरुस्त करत होतो. बॅरिकेडला टेकलेल्या एका पोराने विचारलं काका हे आकडे कसले? मी सांगितलं. त्याने मित्राला बोलवलं, मित्राने अजून दोघांना, आणि बघता बघता दहा-बारा जण जमले.

मॅडम तिथेच मागे पाणी पीत उभ्या होत्या, त्या हळूच पुढे आल्या. म्हणाल्या, रात्री लांबच्या वस्तीतून आवाजाची तक्रार जास्त का येते माहितीये? जमीन पटकन गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि वरची उबदार, वर आवाज जोरात धावतो म्हणून तो खाली वाकतो आणि लांब जाऊन पडतो. याच उलट्या थरामुळे धूरही जमिनीलगत अडकतो. मी एवढी वर्षं त्या तक्रारी ऐकतोय हो, मला हे कोणी सांगितलं नव्हतं!

मग त्यांनी पिशवीतून निळ्या पाण्याची बाटली काढली, ब्रोमोथायमॉल ब्लू असं काहीतरी मोठं नाव आहे त्या रंगाचं. एका मुलीला स्ट्रॉ दिली, फुंक म्हणाल्या, ओढू नको. तिने फुंकलं, आणि निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं झालं सगळ्यांच्या मोबाइलच्या टॉर्चमधे. मॅडम म्हणाल्या, श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की आम्ल बनतं, समुद्रातही हेच चाललंय, कारखाने सुरू झाल्यापासून वरच्या पाण्याचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकं पाणी जास्त आम्ल) ८.२ वरून ८.१ च्या आसपास आलाय. ऐकायला एवढंसं वाटतं, पण ते स्केलच असं आहे की आम्लपणा जवळपास २५ ते ३० टक्के वाढला.

ती मुलगी म्हणाली, मग आपण श्वास घेणंच बंद करायचं का? सगळे हसले, मॅडम मात्र खूश. म्हणाल्या, नाही, तुझ्या श्वासातला कार्बन जेवणातून आला, ते जेवण झाडांनी हवेतूनच केलेलं, म्हणजे हा उसना घेतला आणि परत दिला. जमिनीखाली कोट्यवधी वर्षं गाडलेला कार्बन वर काढून जाळतो तो वेगळा हिशोब. एवढ्यात पहिला पोरगा स्टेजमागे बोट दाखवून म्हणाला, म्हणजे तो?

डिझेलचा जनरेटर धडधडत होता. आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं.

आधी हे घरचं झाडून घ्या, मग पब्लिकला शिकवा. इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी फेस्टिवलला २०१७ मधे पाण्याच्या दहा लाखांवर प्लास्टिक बाटल्या विकल्या गेल्या होत्या, २०१९ ला त्यांनी त्या विकणंच बंद केलं आणि त्याच वर्षी निसर्गावरच्या फिल्म करणारे डेव्हिड ॲटनबरो स्टेजवर आले, म्हणून त्यांचं बोलणं पोकळ वाटलं नाही. मॅसिव्ह अटॅक या बँडने २०२४ ला इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा कार्यक्रम बॅटरीवर केला आणि गाड्यांना पार्किंगच ठेवलं नाही, कारण फेस्टिवलचा सगळ्यात मोठा धूर बहुतेक वेळा स्टेजचा नसून पब्लिकच्या येण्याजाण्याचा असतो.

ब्लूडॉट हा इंग्लंडमधला फेस्टिवल तर २०१६ ला जॉड्रल बँक वेधशाळेच्या ७६ मीटरच्या रेडिओ टेलिस्कोपच्या पायथ्याशीच सुरू झाला, म्हणजे विज्ञानाला तंबू शोधावा लागला नाही. २०२३ ला तिथे पावसाने मैदानाची अशी वाट लागली की ज्यांच्याकडे फक्त रविवारचं तिकीट होतं त्यांना आत घेतलं नाही, आणि जमीन सावरायला २०२४ चं वर्ष सोडून दिलं. एका पावसावरून हवामान बदल सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, पण हवा एक डिग्री तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, हे चिखलात उभं राहून ऐकायला वेगळं लागतं.

तर आयोजकांना माझं एवढंच म्हणणं, तज्ज्ञांना स्लॉट देऊ नका, स्टूल द्या. कन्सोलजवळ, पाण्याच्या रांगेत, मोबाइल चार्जिंगच्या टेबलापाशी, जिथे लोक रिकामे उभे असतात तिथे. आणि जनरेटर अजून ठेवताच आहात तर किती लिटर जळलं याचा आकडा पब्लिकला दिसेल असा लावा. खाली एकच प्रश्न लिहा, एक लिटर डिझेलचं वजन किलोभरही नाही, मग जळल्यावर २.७ किलो कार्बन डायऑक्साइड कुठून आला? रांग भांडत बसेल त्यावर. (हवेतला ऑक्सिजन जोडला जातो, पण हे बोर्डावर लिहू नका, ते स्टुलावर बसलेल्या माणसाला सांगू द्या.)

आपला,
एक साउंडवाला